मेन्यूकार्डावर एवढं तरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉटेलांवरच्या 'हलाल' पाटीबद्दल हल्ली दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. त्या पाटीखाली बसून जेवणाऱ्या माणसांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी पुण्यात शाळेत शिकवते. आमच्या गणिताच्या बाई मूळच्या श्रीवर्धनकडच्या, कोकणी मुसलमान. आमची १४ वर्षांची सोबत. दरवर्षी निकाल लागले की आम्ही सात-आठ जणी बाहेर जेवायला जातो आणि दरवर्षी या बाई फिंगर चिप्स नाहीतर पनीर मागवायच्या. 'मला हेच आवडतं हो,' म्हणायच्या. आम्ही ते खरं मानत आलो, याचं मला आता फार वाईट वाटतं. एकदा चिप्स समोर आल्यावर त्यांनी हळूच वेटरला विचारलं, 'याच तेलात आणखी काय काय तळता?' 'आत विचारून येतो,' म्हणून तो गेला, तो परत आलाच नाही. बाई दोन तास लिंबू सरबतावर बसून राहिल्या.

यंदा जागा त्यांनी निवडली. कोंढव्यात कौसरबागेच्या बाजूला बर्गरचं एक छोटं दुकान. सहा टेबलं, भिंतीवर हलालचं प्रमाणपत्र, त्याच्या शेजारी अन्न परवाना. तापलेल्या तव्यावर खिम्याचा गोळा टाकतात आणि वरून जड लोखंडी दट्ट्याने दाबतात. कडा जाळीदार, कुरकुरीत होतात, वर चीज वितळून ओघळतं. बाईंनी बर्गर दोन्ही हातांनी धरून खाल्ला, एकही प्रश्न न विचारता. आमच्यासोबत असं जेवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

आता विचारायची पाळी माझी होती. आमच्या घरी मोठ्याचं खात नाहीत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, पण म्हशीवर नाही. त्यामुळे अशा दुकानांत चिकनच्या जोडीला बरेचदा 'बफ', म्हणजे म्हशीचं मांस, असतं. तवा एकच असेल तर? काउंटरवर हे विचारायला मला संकोच वाटत होता, त्या मुलाला अपमान वाटला तर! बाई म्हणाल्या, 'विचारा की, मी १४ वर्षं विचारतेय.' त्या मुलाने मला थेट आत बोलावून दाखवलं. चिकनचा तवा वेगळा, बफचा वेगळा. उलथन्यांच्या दांड्यांना चिकटपट्ट्या, चिकनला पिवळी, बफला लाल. मेन्यूकार्डावरही प्रत्येक बर्गरपुढे मांस कशाचं ते लिहिलेलं. मी निर्धास्तपणे चिकन बर्गर खाल्ला.

हलाल म्हणजे फक्त जनावर कापताना अल्लाचं नाव घेणं, असा अनेकांचा समज आहे. रक्त पूर्ण वाहून जाऊ देणं त्यात आलं आणि डुकराचं मांस, दारू वर्ज्य हेही आलं. म्हणूनच तेल कुठलं, मसाल्यात वाइन आहे का, हे प्रश्न येतात. दुसरीकडे शिखांच्या आचारसंहितेत, म्हणजे रहत मर्यादेत, हलाल पद्धतीचं मांसच वर्ज्य आहे. मार्च २०२५ मध्ये झटका (जनावर एकाच घावात मारण्याची पद्धत) मांसाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर झालं, त्यालाही माझी हरकत नाही. ज्याला जे चालत नाही, ते त्याला खाण्याआधी कळलं पाहिजे. पाटी हलालची असो की झटक्याची, ती खाणाऱ्याला माहिती देते.

पाकिटावरच्या हिरव्या-तपकिरी खुणेने पदार्थ शाकाहारी की मांसाहारी एवढंच समजतं. माझी हॉटेलमालकांना आणि अन्न व औषध प्रशासनाला विनंती आहे की मांस कोणत्या प्राण्याचं, कापण्याची पद्धत कोणती आणि तळायचं तेल सामायिक की वेगळं, हे मेन्यूवरच छापलं जावं. सहा टेबलांच्या दुकानाला जे जमतं, ते मोठ्या हॉटेलांना जड जाऊ नये.

त्या दिवशी आमच्या जैन सहकारी मात्र पाण्याच्या बाटलीवरच बसल्या. शाकाहारी बर्गरमध्ये बटाटा होता. पुढच्या वर्षीची जागा शोधायचं काम गणिताच्या बाईंनी स्वतःहून घेतलं आहे. मधल्या सुट्टीत त्या एकेका हॉटेलला फोन लावतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'तळायचं तेल वेगळं आहे का?'

— एक शिक्षिका, बिबवेवाडी, पुणे