गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगचे आटे गेल्याबाबत आणि ती बाब लपवल्याबाबत तक्रार

दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
माननीय ग्राहकसेवा प्रमुख,
पश्चिम विभाग, मुंबई.

विषय : अधिकृत वर्कशॉपमध्ये गिअर ऑइल बदलताना ड्रेन प्लगचे (जुने ऑइल काढण्यासाठी उघडायच्या बुचाचे) आटे निकामी होणे, ग्राहकाला न कळवता तेथे मोठ्या मापाचा प्लग लेप लावून बसवणे आणि दुरुस्तीचा खर्च ग्राहकावर टाकणे.

महोदय,

मी गोरेगाव पूर्व येथे राहतो आणि आपल्या कंपनीची मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक वापरतो. गाडी घेतल्यापासून तिचे सर्व काम आपल्या एकाच अधिकृत वर्कशॉपमध्ये होत आले असून त्याची बिले माझ्याकडे आहेत. यंदा पावसाळा सुरू होण्याआधी मी गाडी सर्व्हिसला दिली आणि इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही बदलण्यास सांगितले. गाडी ताब्यात घेताना आपल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने ती खालून पाहिली आणि जॉबकार्डवर ‘गळती नाही’ अशी नोंद केली. या नोंदीकडे आपण विशेष लक्ष द्यावे, कारण पुढचा सगळा वाद तिच्याशी येऊन थांबतो.

गाडी परत आल्यानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली डाग दिसू लागले. वर्कशॉपला फोन केल्यावर ते एसीचे पाणी असल्याचे सांगण्यात आले. मुंबईच्या दमट हवेत एसीचे पाणी गाडीखाली ठिबकते, हे मलाही ठाऊक आहे. मात्र पाणी वाळून जाते आणि गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर पिवळसर तेलकट वर्तुळ ठेवत नाही. शिवाय गिअरच्या दातांवर येणारा दाब सोसण्यासाठी गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त मिश्रण घातलेले असते आणि त्याचा उग्र वास एकदा ओळखीचा झाला की तो दुसऱ्या कशाचा वाटत नाही. मी तो पुठ्ठा वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवला, तेव्हा ‘सर्व्हिसच्या वेळी सांडलेले ऑइल अजून निथळत असेल’ असे नवे कारण पुढे आले. गाडी रॅम्पवर घेऊन पाहण्याची तसदी त्या दिवशी कोणीही घेतली नाही.

त्यामुळे मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, केवळ गिअरबॉक्सचीच कामे करणाऱ्या एका मेकॅनिककडे गाडी दाखवली. त्याने काहीही सोडवण्याआधी माझ्यासमोर सर्व बाजूंनी फोटो काढले आणि ते या पत्रासोबत जोडले आहेत. ड्रेन प्लगच्या जागी कंपनीचा मूळ प्लग नाही. तेथे एक माप मोठा, आत शिरताना स्वतःच नवे आटे कापत जाणाऱ्या प्रकारचा प्लग बसवलेला दिसतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे कडेने दिसत असून डोक्याभोवती एम-सीलसारखा लेप थापलेला आहे. त्या लेपाला तडा गेला आहे आणि तेल तेथूनच झिरपत आहे. प्लगला पाना लावल्यावर तो किंचित फिरतो, पण आवळला जात नाही. फिलर प्लग (ऑइल भरण्याच्या भोकाचे बूच) उघडून पाहिल्यावर ऑइलची पातळी भोकाच्या कडेपेक्षा स्पष्टपणे खाली गेलेली दिसली. त्याने तेवढेच ऑइल भरून दिले आणि ड्रेन प्लग बाहेर काढला नाही, कारण तो बाहेर आला तर पुन्हा बसेल याची खात्री त्यालाही देता येत नव्हती.

आता मुख्य पुराव्याकडे येतो. बदललेले जुने सुटे भाग परत मागून घेण्याची माझी सवय आहे. सर्व्हिसनंतर डिकीत ठेवलेल्या खोक्यात जुन्या ऑइल फिल्टरसोबत गिअरबॉक्सचा मूळ ड्रेन प्लगही निघाला. वर्कशॉपने तो जाणूनबुजून दिला असेल असे मला वाटत नाही. हा प्लग पोलादी आहे आणि त्याचे स्वतःचे आटे शाबूत आहेत, मात्र त्या आट्यांच्या खाचांमध्ये अल्युमिनियमची वेटोळी घट्ट अडकून बसली आहेत. ही वेटोळी म्हणजे गिअरबॉक्सच्या केसिंगमधून (बाहेरच्या कवचातून) उपटून आलेले आटे होत. केसिंग अल्युमिनियमचे आणि प्लग पोलादाचा असल्याने प्रमाणाबाहेर पिळा बसला की हार नेहमी केसिंगचीच होते. अशा प्लगला शंभर न्यूटन-मीटरपेक्षा बराच कमी पिळा पुरतो, तर चाकांचे नट सोडवण्याची हवेची गन काहीशे न्यूटन-मीटरपर्यंत सहज जाते. त्या दिवशी कोणते हत्यार वापरले, हे मी पाहिलेले नाही. आपल्या वर्कशॉपमधील सीसीटीव्हीचे चित्रण मात्र ते सांगू शकेल आणि ते जपून ठेवावे अशी मागणी मी या पत्राद्वारे करत आहे.

त्याच जुन्या प्लगवर जुना वॉशरही तसाच चिकटलेला आहे. हा वॉशर दाबला गेल्यावर चपटा होऊन फट बंद करतो, म्हणून तो एकदाच वापरायचा असतो. नीट काम करणारा मेकॅनिक प्रत्येक वेळी नवा वॉशर घालतो, कारण जुन्या वॉशरने ठिबकणे थांबले नाही की प्लग आणखी आवळण्याचा मोह होतो आणि आटे तिथेच जातात. माझ्या बिलात ‘ड्रेन प्लग वॉशर’ या नावाने रक्कम लावलेली आहे. सध्या गाडीत असलेल्या प्लगखाली मात्र वॉशर दिसतच नाही. रक्कम अगदी क्षुल्लक आहे, तरीही न बसवलेल्या भागाचे पैसे घेतले गेले याची नोंद व्हावी, असे मला वाटते.

या सगळ्यावर वर्कशॉपच्या व्यवस्थापकांचे उत्तर असे की, ‘प्लग आधीपासूनच खराब होता.’ हे उत्तर मला तीन कारणांनी मान्य नाही. एक तर याआधीचे गिअर ऑइलही त्याच वर्कशॉपने बदलले होते, म्हणजे प्लग आधी खराब झालाच असेल तर तो कोणाच्या हातून झाला, हा प्रश्न पुन्हा त्यांच्याच दारात जातो. दुसरे असे की, आधीच गेलेल्या आट्यांतून गळती झाली असती आणि जॉबकार्ड तर गळती नसल्याचे सांगते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्लग खरोखर आधी बिघडलेला असता, तर मेकॅनिकने काम थांबवून मला फोन करायला हवा होता, जॉबकार्डवर तशी नोंद करून माझी संमती घ्यायला हवी होती. जुन्या गाडीत आटे झिजतात, चांगल्या कारागिराच्या हातूनही एखादा प्लग जातो, हे मी समजू शकतो. माझा खरा आक्षेप त्यानंतर जे केले गेले त्यावर आहे. मोठ्या मापाचा प्लग शोधून आणणे, त्याला टेप गुंडाळणे, वरून लेप लावणे आणि गाडी धुऊन ताब्यात देणे या गोष्टी अनवधानाने होत नाहीत.

असा लेप का टिकत नाही, हेही आपल्या तांत्रिक विभागाला सांगावे लागू नये. गाडी चालू असताना गिअरबॉक्स तापतो आणि तापल्यावर अल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. प्रत्येक फेरीत भोक आणि प्लग यांच्यातील पकड सैल होत जाते आणि तेलकट पृष्ठभागावर लावलेला लेप सुटतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर प्लग निघून पडला असता, तर काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा पडून आतील बेअरिंगे आणि दाते जळाले असते. पावसाने ओल्या रस्त्यावर सांडलेल्या त्या ऑइलवरून मागून येणारे दुचाकीस्वार घसरले असते, त्याची जबाबदारी कोणी घेतली असती? कुर्ल्यातील तपासणीनंतर मी गाडी चालवणे बंद केले आहे.

वर्कशॉपने माझ्यासमोर दोन पर्याय ठेवले आणि दोन्हींचा खर्च माझ्यावर टाकला. पूर्ण केसिंग बदलणे हा एक आणि गिअरबॉक्स गाडीतच ठेवून, खालून ड्रिल मारून हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी घालायचे तारेचे वेटोळे) बसवणे हा दुसरा. हेलिकॉइल ही चांगली पद्धत आहे आणि तिला माझा सरसकट विरोध नाही. परंतु येथे आधीच मोठ्या प्लगने भोक वेडेवाकडे कापले गेले आहे, आणि हा प्लग दर ऑइल बदलताना उघडायचा असल्याने तारेचे वेटोळे प्लगसोबत बाहेर येण्याचा धोका राहतो. अशा जागी आतून-बाहेरून आटे असलेला पोलादी बुश बसवणे अधिक टिकाऊ ठरते. त्याआधी भोकाभोवतीच्या जाड भागाला चीर गेली आहे का, हे तपासले पाहिजे. चीर असेल तर बुशाचा उपयोग नाही, आणि तेल मुरलेल्या अल्युमिनियमवर वेल्डिंग केल्यास त्यात बारीक छिद्रे राहतात, तोही मार्ग मला नको.

ड्रिलचा कीस हा याहून गंभीर मुद्दा आहे. व्यवस्थापकांनी मला सांगितले की, आत चुंबक असतो, कीस तो पकडून ठेवील. चुंबक लोखंडाचा कीस पकडतो. अल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, तो ऑइलबरोबर फिरत बेअरिंगपर्यंत जातो. गिअरबॉक्स विकणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपकडून असे उत्तर यावे, याचे मला नवल वाटले. म्हणून गिअरबॉक्स खाली उतरवून, उघडून, साफ करूनच हे काम व्हावे, असा माझा आग्रह आहे.

बाहेरच्या मेकॅनिकने फिलर प्लग उघडल्यामुळे वाढीव वॉरंटी रद्द होईल, असेही मला तोंडी ऐकवण्यात आले. आपल्याच वर्कशॉपने कमी होऊ दिलेली ऑइलची पातळी भरून काढल्याने वॉरंटी कोणत्या अटीनुसार रद्द होते, ते कृपया लेखी कळवावे. आपल्या ग्राहकसेवा क्रमांकावर मी नोंदवलेली तक्रार तर कोणीही संपर्क न करता ‘निकाली काढण्यात आली आहे’ असा एसएमएस पाठवून बंद करण्यात आली.

माझी मागणी अशी आहे की, कंपनीने वर्कशॉपबाहेरील स्वतःच्या तांत्रिक अधिकाऱ्याकडून माझ्या उपस्थितीत गाडीची तपासणी करावी. भोकाभोवतीचा भाग शाबूत असल्यास गिअरबॉक्स उतरवून बुश बसवावा, नसल्यास केसिंग बदलावे, आणि या दोन्हींचा खर्च कंपनीने किंवा वर्कशॉपने आपसात ठरवून करावा. कामानंतर मूळ मापाचा प्लग, नवा वॉशर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल घालावे, त्याची नोंद बिलावर असावी आणि या दुरुस्तीची लेखी हमी मिळावी. कुर्ल्याच्या मेकॅनिकला दिलेली तपासणीची व ऑइलची रक्कम मला परत मिळावी. झाल्या प्रकाराबद्दल वर्कशॉपने दिलगिरी व्यक्त करावी अशी अपेक्षा आहे, पण तिच्यासाठी दुरुस्ती अडून राहू नये.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल वांद्रे येथील मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. या कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो तेथील आयोगाकडे जाता येते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ती दाखल करता येते. त्यामुळे आपले मुख्य कार्यालय कोठे आहे, ही माझ्यासाठी अडचण ठरणार नाही.

गाडी नेण्यासाठी सपाट पाठीचे टोइंग वाहन पाठवावे, पुढची चाके रस्त्यावर ठेवून ती ओढून नेण्यास मी परवानगी देणार नाही. मूळ प्लग आणि वॉशर माझ्याकडेच राहतील व तपासणीच्या वेळी आपल्या अधिकाऱ्याला पाहायला मिळतील. सोबत जॉबकार्ड, दोन्ही वेळच्या गिअर ऑइलची बिले, कुर्ल्यातील तपासणीची पावती आणि फोटोंच्या प्रती जोडल्या आहेत. माझा फोन क्रमांक जॉबकार्डवर आहे, संध्याकाळी सातनंतर संपर्क साधावा.

आपला विश्वासू,
(सही)
वाहनमालक, गोरेगाव पूर्व, मुंबई