लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण नंबर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी यंदा डिप्लोमाला लागली, कॉम्प्युटर ब्रँच, त्यामुळे लॅपटॉप घेणं भागच होतं. बजेट कसंबसं चाळीस हजार, त्यातले दहा माझ्या भिशीचे. दुकानात गेलो तर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेले, दोन्हीवर रायझन ५ चा, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा, स्टिकर, किमतीत चार हजारांचा फरक. दुकानदार म्हणाला, ताई दोन्हींचे प्रोसेसर ७००० नंबरच्या सिरीजचे आहेत, लेटेस्ट, स्वस्तातला घेऊन टाका. मी पैसे काढतच होते पण मुलगी म्हणाली आई थांब, आणि तिने तिथेच उभ्याउभ्या दोन्हीवर टास्क मॅनेजर, म्हणजे आतल्या प्रोसेसरची आणि मेमरीची माहिती दाखवणारा प्रोग्राम, उघडला.

स्वस्तातल्याचा प्रोसेसर निघाला ७५२०यू, त्यात ४ कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग. दुसरा ७५३०यू, त्यात ६ कोर आणि १२ थ्रेड, म्हणजे एकावेळी बारा कामं चालतात. नंबरात फरक एका आकड्याचा, पण एएमडीच्या या नंबरांत तिसरा आकडाच खरं काय ते सांगतो. तिथे २ असेल तर आतलं डिझाइन झेन २, म्हणजे २०१९ चं, आणि ३ असेल तर झेन ३. सुरुवातीचा ७ नुसतं २०२३ हे वर्ष दाखवतो. उलट २०२१ चा ५५००यू नावाने जुना वाटतो, पण त्यातही झेन २ च आहे आणि कोर मात्र ६. हे आमच्यासारख्याला कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट तिने दाखवली. टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानावर स्वस्तातल्यात फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' लिहिलेलं होतं, म्हणजे ८ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, पुढे वाढवायची सोयच नाही. तीन वर्षं कोडिंग करायचंय पोरीला, अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एमुलेटर (ते ॲप तपासायला पडद्यावर दिसणारा नकली मोबाइल) एकदम उघडले की ८ जीबी कुठे पुरणार, आणि मग दोन वर्षांनी परत नवीन लॅपटॉप आणायचा कुठून? दुसऱ्यात रॅम वाढवायला एक स्लॉट (जागा) मोकळा होता, आम्ही चार हजार जास्त देऊन तोच घेतला.

इंटेल घेऊ की एएमडी असं आता ओळखीतले सगळे मला विचारतात, पण इंटेलकडेही तीच गत आहे. आय ३ म्हटलं की १२१५यू पण आय ३ आणि एन३०५ पण आय ३. एन३०५ मध्ये ८ कोर आहेत म्हणून तो भारी वाटतो पण ते आठही लहान, वीज वाचवणारे, आणि १२१५यू मध्ये सहाच असले तरी दोन मोठे दमदार आहेत, रोजच्या कामात तोच चटपटीत चालतो. नुसते फॉर्म भरणं, टायपिंग, व्हिडिओ बघणं एवढंच असेल तर इंटेलचाच साधा एन१०० पण चालेल, त्यात काही वाईट नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत पाहिजे. इंटेलचा २ कोरचा सेलेरॉन एन४०२० मात्र शिकणाऱ्या मुलाच्या गळ्यात कुणी मारू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या पेपरात सणासुदीला लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येतात, त्यात 'आय ३', 'रायझन ५', '८ जीबी' एवढंच असतं. माझी विनंती आहे की जाहिरात घेतानाच दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅम वाढवता येते की नाही हे मागून घ्या, आणि ते किमतीच्या शेजारी, वाचता येईल अशा टायपात छापा.

– एक पालक, सातारा