शेवटच्या सायकलस्वारासाठी थांबायला हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मोबाइलवरील समूहांत एकमेकांना केवळ नावाने, कित्येकदा टोपणनावानेच ओळखणारी माणसे पुण्यातील रविवारच्या सामूहिक सायकल फेऱ्यांत प्रत्यक्ष भेटतात, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र या फेऱ्यांतील एका उणिवेकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षे मी अशा एका समूहात गिअर, सीटची उंची, घाटातला चढ यांविषयी प्रश्न विचारत होते आणि एक सदस्य न कंटाळता उत्तरे देत होते. स्वारगेटहून जुन्या कात्रज घाटाने खेड शिवापूरला निघालेल्या फेरीत ते मला प्रथमच भेटले. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले हे काका! शिंदेवाडीच्या पुढे माझे मागचे चाक पंक्चर झाले, तेव्हा मी लगेच नवी ट्यूब घालायला घेतली. त्यांनी मला थांबवले, टायरच्या आतून अंगठा सावकाश फिरवला आणि जेमतेम नखाएवढी, केसासारखी बारीक तार चिमट्याने ओढून काढली. ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून निघालेल्या अशा तारा महामार्गाच्या कडेला पडलेल्या असतात आणि तार आतच राहिली, तर नवी ट्यूबही थोड्याच अंतरावर पंक्चर होते. हे त्यांनी मला पूर्वी लिहून कळवले होते, पण समजले ते त्या दिवशी, रस्त्याच्या कडेला बसून.

तेवढ्या वीस मिनिटांत बाकीचे सगळे दिसेनासे झाले होते. काका नसते, तर मी तिथे एकटीच उरले असते. पुढच्याच महिन्यात प्रथमच आलेली एक तरुणी घाटात मागे पडली, कुणी थांबले नाही म्हणून अर्ध्या चढावरून एकटीच परतली आणि नंतर तिने समूहही सोडला. ज्या भेटीसाठी ती पहाटे उठून आली होती, ती झालीच नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

‘बीआरएम’ या ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत 200 किलोमीटर अंतर 13 तास 30 मिनिटांत पार करायचे असते आणि मुदतीत पोहोचलेल्यांना तिथेही क्रमांक दिले जात नाहीत. मग चहा-पोह्यांसाठी निघालेल्या 50 किलोमीटरच्या फेरीत शर्यत कशासाठी? आयोजकांनी फेरीचा सरासरी वेग आदल्या दिवशी कळवावा, घाटमाथ्यावर सगळे जमेपर्यंत पुढे निघू नये आणि पंक्चर काढता येणारा एक अनुभवी सायकलस्वार अखेरपर्यंत सर्वांत मागे ठेवावा. आपल्या दैनिकात अशा फेऱ्यांची निवेदने प्रसिद्ध होतात; त्यांत वेळ आणि ठिकाणाबरोबर फेरीचा वेग आणि मागे राहणाऱ्या सायकलस्वाराचा उल्लेखही आवर्जून छापावा, ही विनंती.

आपली,
एक सायकलस्वार वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे