पुनर्वसित गावांतील वाढीव बांधकामांकडे लक्ष हवे

महोदय,

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, म्हणजे गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, झालेल्या किल्लारी भूकंपाचा स्मृतिदिन जवळ आला की मृतांचे आकडे आणि तेव्हा उभारलेल्या घरांची संख्या पुन्हा छापून येते. त्या घरांचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घर केवढे द्यायचे, हे जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या खातेदारांना ७५०. घरात खाणारी तोंडे किती, याला त्या हिशेबात स्थान नव्हते. सरळ रस्त्यांच्या आखीव वसाहतीत भावकी पांगली. ढाळज (दारालगतची बसायची ओसरी), गोठा आणि कडब्याची गंज यांची सोय ज्याची त्यानेच पाहायची होती.

आता त्या २५० चौरस फुटांत तिसरी पिढी वाढते आहे. मूळ भिंतीला खेटून चार इंची विटांची खोली काढायची, वर पत्रे टाकायचे आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवायचे, हे चित्र या भागात सर्रास दिसते. मूळ घर भूकंपाचा विचार करून बांधलेले, पण निजायची खोली मात्र त्या दगडांखाली! यात लोकांना दोष देणे सोपे असले, तरी वाढत्या कुटुंबाने जावे कुठे?

१९९३ मध्ये दगडाने माणसे मारली, ही समजूत आजही पक्की आहे. वास्तविक त्या रुंद भिंतींचे दोन पदर मातीत रचलेले होते, त्यांना सांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते आणि वर माळवदाच्या, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेल्या सपाट छताच्या, मातीचे प्रचंड ओझे होते; हादऱ्याने पदर सुटले आणि माळवद खाली आले. ज्या गावांत स्थलांतराऐवजी जागेवरच दुरुस्ती झाली, तिथे काम घरमालकांच्या देखरेखीखाली झाल्याने आरपार दगड आणि काँक्रीटचा सलग पट्टा कशासाठी, हे लोकांना आणि गवंड्यांना समजले. त्यातले अनेक गवंडी आता थकले असून नव्यांना ते कोणी शिकवलेले नाही. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड पट्ट्याला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तिकडेही जुनी माळवदे अजून उभी आहेत.

तेव्हा ग्रामपंचायतीने वाढीव बांधकामाची नोंद नमुना ८ ला (मालमत्ता कराच्या नोंदवहीत) केवळ करापुरती न घेता, त्याच वेळी पंचायत समितीच्या अभियंत्याने जागेवर येऊन विनाशुल्क सल्ला द्यावा. तालुकानिहाय गवंड्यांचे प्रशिक्षण सुरू करावे आणि त्या दिवसांची मजुरी त्यांना द्यावी, कारण रोज बुडवून कोणी शिकायला येणार नाही.

— एक वाचक, औसा (जि. लातूर)