यज्ञकुंडाचा अर्ज आणि प्रार्थनाघराचा अर्ज

संपादक महोदय,

मी उदगीर तालुक्यातली सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीतली नऊ वर्षं ज्या गावात गेली, तिथल्या ११ ख्रिस्ती कुटुंबांचा प्रार्थनाघराचा अर्ज दोन वर्षांपासून ग्रामपंचायतीत पडून आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या लोकांना तिथंच राहायचं आहे.

जागा त्यांची स्वतःची. गावठाणातली दोन गुंठे, वर्गणी काढून घेतलेली, खरेदीखत झालेलं, ग्रामपंचायतीच्या मालमत्ता-नोंदवहीत, नमुना आठला नोंदलेली. तिथं पत्र्याची एक खोली बांधायची आहे. भोंगा लावणार नाही असं त्यांनी आपणहून लिहून दिलंय. सध्या रविवारची उपासना एका बाईच्या अंगणात होते. पावसाची सर आली की बायका लेकरांना पदराखाली घेऊन गोठ्यात सरकतात. त्यांतल्या तिघीजणी माझ्या विद्यार्थिनी. एक म्हणाली, "बाई, आमी काय येगळं मागलाव? डोक्यावर छप्पर द्या म्हनलं, तेबी आमच्याच पैशानं."

गेल्या ग्रामसभेला मी बसले होते. एकजण म्हणाला, शहरात चर्च हाय की, तिथं जावं. रोजानं जाणाऱ्या बाईनं दर रविवारी गाडीभाडं कुठून आणायचं, हे त्याला कुणी विचारलं नाही. दुसऱ्यानं सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश पुढं केला. तो आदेश रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवरच्या विनापरवाना धार्मिक बांधकामांबद्दल आहे. स्वतःच्या मालकीच्या जागेवर रीतसर परवानगी मागणाऱ्यांशी त्याचा काय संबंध? त्याच गावात मारुतीच्या देवळाला सभामंडप झाला, तेव्हा मीही ५,००० रुपये दिले. परवान्याची चौकशी तेव्हा कुणी केली नाही, मीही केली नाही.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. मी आर्यसमाजी घरातली. माझे आजोबा आर्यसमाजाच्या १९३९ च्या हैदराबाद सत्याग्रहात गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते. आजच्या मुलांना तो लढा निजामाविरुद्धचा एवढंच ठाऊक असतं. पण मागण्या काय होत्या? आर्यसमाजाचं नवं मंदिर उभारायला, जुन्याची डागडुजी करायला, साधं यज्ञकुंड बांधायलासुद्धा सरकारची परवानगी लागे. ती अट काढा, ही त्यातली एक ठळक मागणी. उदगीरचे आर्यसमाजी पुढारी भाई श्यामलाल तर त्याआधीच, डिसेंबर १९३८ मध्ये, बिदरच्या तुरुंगात वारले. आजोबा सांगायचे, "नाही म्हणाले असते तर भांडलो असतो. पण उत्तरच यायचं नाही. अर्ज दिला की गेला." तुरुंगातल्या भाकरीत वाळू असायची, हेही ते सांगत. पण न आलेल्या उत्तराबद्दल बोलताना त्यांचा आवाज जास्त चढायचा.

आज तेच आमची माणसं दुसऱ्यांशी करतात, हे मला सहन होत नाही.

"उद्या सगळं गाव बाटवतील," असंही त्या सभेत कुणी म्हणालं. ही कुटुंबं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. त्यांच्या आजोबांची लग्नं त्याच धर्मात लागली. कुणी जबरदस्ती केली, पैशाचं आमिष दाखवलं, तर पोलिसांत तक्रार करावी, मी पहिली सही करीन. पण कुणी पुढं काय करील या भीतीवर आज छप्पर अडवता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २५ नं प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं आणि आपला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलंय. कलम २६ नं धर्मसमुदायाला संस्था काढण्याचं, जागा-मालमत्ता बाळगण्याचं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य या त्यावरच्या मर्यादा आहेत. पत्र्याच्या खोलीनं यातलं काय बिघडतं, ते ग्रामपंचायतीनं कागदावर लिहावं.

येशूबद्दल माझं त्या लोकांशी पटत नाही. आर्यसमाजी माणसं वादाला बसली की उठत नाहीत, आणि मीही त्यांच्या पाळकांशी तासभर वाद घातलेला आहे. त्यांनी चहा पाजला. वाद वेगळा, छप्पर वेगळं.

आपल्या नांदेडचं सचखंड साहिब, शिखांचा गुरुद्वारा, १८३२ ते १८३७ या काळात बांधलं गेलं. राज्य निजामाचं, मदत लाहोरच्या महाराजा रणजितसिंहांची, आणि भोवतालची वस्ती मराठी-तेलुगू बोलणारी. आज तिथल्या लंगरात आपण सगळेच जेवून येतो. त्या वेळी कुणी "पंजाबात जा" म्हणून दगड उचलला असता तर?

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा अर्ज पुन्हा मांडला जाणार आहे. मी जाणार आहे. मंजूर करा, नाहीतर नामंजुरीचं कारण सही-शिक्क्यानिशी त्या बायकांच्या हातात द्या, म्हणजे त्यांना वर दाद मागता येईल. उत्तर मिळेपर्यंत मी सभेतून उठणार नाही.

– एक सेवानिवृत्त शिक्षिका, ता. उदगीर, जि. लातूर