एलन की हातात न घेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फर्स्ट टेक चॅलेंज या रोबोटिक्स स्पर्धेत माझी मुलगी आणि तिचा संघ आपल्या मार्गदर्शनाखाली उतरला. त्या दिवशी गर्दीत आपले आभार नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

या स्पर्धेत पहिले ३० सेकंद रोबोट केवळ आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. नेमक्या त्याच वेळात आमचा रोबोट ठरलेल्या जागेच्या अलीकडे थांबू लागला, तेव्हा चाकाचा स्क्रू सैल झाला असावा असे समजून मुलीने रडवेल्या चेहऱ्याने स्क्रू आवळायची एलन की आपल्यापुढे धरली. आपण ती घेतली नाही. आपण मोबाइलचा टॉर्च लावून तिला आत नीट दिसेल असा धरला आणि एवढेच विचारले, "सकाळी सरावाला हीच बॅटरी होती का?" त्या प्रश्नावरून मुलांनीच शोधून काढले, की बॅटरीचे व्होल्टेज उतरले की मोटर मंदावते आणि ठरावीक सेकंद मोटर चालवणारा प्रोग्रॅम तेवढ्याच वेळात कमी अंतर कापतो; तेव्हा वेळेऐवजी एन्कोडर या सेन्सरने चाकांचे फेरे मोजायला हवेत. आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असणार. तरीही, पुढचा सामना तोंडावर आलेला असताना, आपण टॉर्च धरून उभे राहिलात, हे मी विसरू शकत नाही.

याआधी ज्या क्लासमध्ये ती जात होती, तिथे रोबोट शिक्षकांनी बांधला, प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला आणि परीक्षकांपुढे म्हणायची वाक्ये मुलांकडून घोकून घेतली. हाच गिअर का वापरला, या साध्या प्रश्नावर मुले एकमेकांकडे पाहत राहिली. तिथले प्रमाणपत्र तिने आजीलासुद्धा दाखवले नाही. भरपूर शुल्क घेऊन मुलांच्या हातचे काम काढून घेणाऱ्यांना मुलांच्या मनाचे काय होते, हे दिसत नसेल का?

मुलांना वाऱ्यावर सोडणे म्हणजे स्वातंत्र्य, असेही आपण कधी मानले नाही. ड्रिल कसे धरायचे, गॉगल का घालायचा, गिअरने वेग घटवला की बळ कसे वाढते, हे सारे आपण न कंटाळता शिकवले; कोणता गिअर बसवायचा, हे मात्र मुलांवर सोडले. अमेरिकन संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या, या स्पर्धेमागच्या फर्स्ट संस्थेत उत्तम मार्गदर्शकांना एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो आणि त्यासाठी नाव विद्यार्थ्यांनीच सुचवायचे असते. ही रीत मला फार योग्य वाटते, कारण कोणी किती मदत केली आणि कुठे हात आवरला, हे मुलांइतके कोणालाच कळत नाही. इतकी समजूतदार, सभ्य माणसे आपला रविवार परक्यांच्या मुलांना देतात, याचे मोल आम्हा पालकांना आहे.

पुढील हंगामातही आपण या मुलांना लाभावे, ही विनंती. साहित्य आणणे, जागेची व्यवस्था, प्रवास आणि डबे ही कामे आम्ही पालकांनी आपसांत वाटून घेतली आहेत; त्यांचा भार आपल्यावर पडणार नाही.

आपली कृतज्ञ,
संघातील एका मुलीची आई