मंत्रिमहोदय, मी कोणता हुकूम पाळतो आहे?

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

माझा व्हिडिओ गायब होऊन आज ४३ दिवस झाले. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी कुजलेलं सोयाबीन दाखवलं होतं. पीक विम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवा म्हणाले, तसं कळवलं, तरी पाहणीला कोणी फिरकलं नाही, एवढंच बोललो होतो. आता तिथे एक ओळ येते : ‘कायदेशीर मागणीमुळे भारतात उपलब्ध नाही.’ मागणी कोणाची? कोणतं वाक्य खुपलं? माहितीचा अर्ज केला, तर ‘गोपनीय’ एवढं उत्तर आलं. गावात मात्र बभ्रा झाला. मुलीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, ‘पोलिसात नाव आहे का तुमचं?’ त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

मुलगा म्हणाला, ‘व्हीपीएन लावून, म्हणजे आपलं ठिकाण लपवून, दुसऱ्या नावाने टाकू.’ मी नाही म्हटलं. कायदा पटला नाही तरी पाळावा आणि कोर्टात भांडावं, असंच मी मानत आलो. वकिलाकडे गेलो, तर तो म्हणाला, ‘आधी ऑर्डरची प्रत आणा.’ ती कुठून आणू?

इंटरनेटवरचा मजकूर बंद करायचा अधिकार सरकारला देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कायम ठेवलं, कारण त्यात लेखी कारणं आणि म्हणणं ऐकून घेण्याची सोय आहे. त्याखालच्या २००९ च्या नियमांपैकी आठव्यात नोटिशीला उत्तर द्यायला किमान ४८ तास आहेत. मला ४८ मिनिटंही मिळाली नाहीत. वर सोळावा नियम सगळंच गुप्त ठेवा म्हणतो. आठव्याने दिलं ते सोळाव्याने काढून घेतलं! व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीने सरकारचा हुकूम ऐकला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद आहे, मग ती माझ्यासाठी कशाला भांडेल?

१९०८ साली इंग्रजांनी टिळकांना सहा वर्षं मंडालेला धाडलं. तो अन्यायच होता. पण ‘केसरी’तला कोणता लेख, कोणतं कलम, हे भर कोर्टात सांगावं लागलं होतं आणि टिळक स्वतः दिवसचे दिवस बोलले होते. स्वतंत्र देशात मला तेवढंही नाही?

आणि कायदा पाळायचा तो फक्त आम्हीच का? २०१२ मध्ये फेसबुकवरच्या पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यात लावलेलं त्याच कायद्याचं ६६अ कलम, म्हणजे त्रासदायक ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम, २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही त्याचा धक्का बसला. रद्द झालेला कायदा सरकारी माणसं वापरत राहतात, त्यांच्या मुलीच्या सोयरिकीत कोणी प्रश्न विचारत नाही.

माझं बोलणं खोटं असेल तर दाखवा, व्हिडिओ मी स्वतः काढतो. पण हुकुमाची प्रत पोस्टाने पाठवा. इंग्रजीत असली तरी चालेल, मुलगा वाचून दाखवेल.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, जि. लातूर